ध्रुवीय संशोधनाचा सामायिक भौगोलिक डेटा: चार स्रोतांचे थर एकमेकांवर का बसत नाहीत?

हिमकाठ (प्रश्न):

नमस्कार. मी भूगोलाची संशोधक विद्यार्थिनी असून पूर्व अंटार्क्टिकातील शिर्माखर ओअॅसिसमधल्या सरोवरांचे काठ कसे बदलत गेले, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. सुमारे ३५ चौरस किलोमीटरच्या या खडकाळ पट्ट्यात शंभराहून अधिक सरोवरे आहेत. भारताचे मैत्री केंद्र १९८९ पासून तिथेच आहे आणि रशियाचे नोवोलाझारेव्स्काया केंद्र तिथून काही किलोमीटरवर आहे.

माझ्याकडे चार गोष्टी आहेत: स्कॅन केलेला एक जुना नकाशा, एका मोहिमेतील जीपीएस बिंदूंची एक्सेल फाइल, स्कारच्या (अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीच्या) अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेसमधील खडक व सरोवरांच्या सीमा आणि रेमा या उंचीच्या प्रतिमानातील तुकडे. हे सारे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र उघडले, तर मैत्रीजवळच्या प्रियदर्शिनी सरोवराच्या काठावर घेतलेला बिंदू काठापासून सुमारे ४० मीटर आत, पाण्यात पडतो, आणि उंचीच्या आकड्यांत सगळीकडे एकाच दिशेचा फरक येतो. ज्या संस्थेकडून ती एक्सेल फाइल मिळाली, तिथे विचारणा केली असता मूळ नोंदवही सापडत नसल्याचे कळले.

चूक शोधण्याचा मार्ग तर हवाच आहे, पण त्याहून मोठा प्रश्न असा की, इतके देश तिथे इतकी वर्षे मोजमाप करीत असताना त्या सर्वांचा डेटा एकमेकांशी जुळावा अशी सामायिक व्यवस्था आहे का, आणि आमच्या विभागाने आपला डेटा कसा तयार करावा म्हणजे तो तिच्यात सामावेल?

अक्षरेखा:

आधी आपल्या बिंदूंकडे पाहू. एक्सेलमधील अक्षांश-रेखांश दशांशाच्या किती स्थळांपर्यंत लिहिले आहेत, ते कृपया तपासावे. तीनच स्थळे असतील, तर अक्षांशातील शेवटच्या अंकाची किंमत १११ मीटर होते आणि ७०.७५ अंश दक्षिणेला रेखांशातील शेवटच्या अंकाची किंमत केवळ ३७ मीटर होते, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकत्र येत जातात. म्हणजे आकडा पूर्णांकित केल्याने उत्तर-दक्षिण दिशेत ५५ मीटरपर्यंत, तर पूर्व-पश्चिम दिशेत १८ मीटरपर्यंत चूक होऊ शकते. खात्री करायची असेल, तर फाइलमधील सगळे बिंदू एकदम नकाशावर टाका. ते एखाद्या आडव्या-उभ्या जाळीच्या गाठींवरच बसलेले दिसले, तर चूक जीपीएस यंत्राची नसून नोंद करणाऱ्याने गाळलेल्या अंकांची आहे, हे निश्चित समजावे.

उंचीचा फरक वेगळ्या कारणाने येत असावा. रेमामधील उंची डब्ल्यूजीएस ८४ या गणिती लंबगोलापासून मोजलेली आहे. जुन्या नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. ही दोन पृष्ठे एकच नाहीत. आपल्याकडे याचा अनुभव सहज घेता येतो: गोव्याच्या किनाऱ्यावर अगदी पाण्याच्या कडेला उभे राहून लंबगोलापासूनची उंची पाहिली, तर ती उणे ६० मीटरपेक्षाही खाली दिसते. अंटार्क्टिकात हा फरक जागेनुसार बदलतो, म्हणून एकच ठरावीक आकडा सर्वत्र वजा करण्याचा मोह टाळावा आणि जिओइडचे (सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठाचे) प्रतिमान वापरूनच रूपांतर करावे.

प्रक्षेपणाबद्दल, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात: काम ईपीएसजी ३०३१ या दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेल्या प्रक्षेपणात करावे. वेबवरील नेहमीच्या मर्केटर नकाशात ७० अंशांवर लांबी जवळजवळ तिप्पट आणि क्षेत्रफळ साडेआठ पट दिसते, त्यामुळे सरोवराचे क्षेत्रफळ त्यावरून काढणे म्हणजे सुरुवातच चुकीची करणे होय. जुन्या नकाशाचे मात्र फार मनावर घेऊ नये. उपग्रहांपूर्वी तिथली स्थाने तारे आणि सूर्य यांच्या वेधांवरून ठरवली जात, त्यामुळे तो नकाशा आजही ओळखू येणाऱ्या खडकांच्या टोकांशी जुळवून मगच वापरावा.

गोठणबिंदू:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो, कारण माझ्या मते थर न जुळण्याची ही कारणे अंकांपेक्षा अधिक खोल आहेत.

पहिली गोष्ट तारखेची. इतर खंडांवर नकाशा जुना होतो तो रस्ते आणि वस्ती बदलल्यामुळे; अंटार्क्टिकात पायाखालची जमीनच सरकते. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर वाहतो, म्हणून भौगोलिक ध्रुव दाखवणारी खूण दर वर्षी १ जानेवारीला नव्या जागी रोवावी लागते. तिथे जुन्या खुणा एका ओळीत मागे राहिलेल्या दिसतात. आपले पहिले केंद्र दक्षिण गंगोत्री आइस शेल्फवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फावर, उभारले होते. ते बर्फाखाली गाडले जात गेले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. त्या केंद्राचे अक्षांश-रेखांश तारखेशिवाय लिहिले, तर त्यांना अर्थच उरत नाही. शिर्माखरचा खडक स्थिर आहे, पण त्याला दक्षिणेकडून टेकलेला बर्फ स्थिर नाही. तिथल्या दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या मुखाचे मोजमाप भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून करीत आले आहे आणि ते मुख वर्षाला सरासरी एक मीटरहूनही कमी मागे हटते. ४० मीटरची चूक असलेल्या बिंदूंनी हा बदल दिसणारच नाही. उलट मुळात नसलेला बदल मात्र दिसेल, आणि मला अधिक भीती त्याचीच वाटते. रेमाचे जोडलेले प्रतिमान दिसायला अखंड असले, तरी ते वेगवेगळ्या दिवशीच्या उपग्रहचित्रांच्या पट्ट्यांतून बनले आहे. बदल मोजायचा असेल, तर त्या सुट्या, तारीख असलेल्या पट्ट्याच घ्याव्यात.

दुसरी गोष्ट नावाची. ज्याला आपण प्रियदर्शिनी म्हणतो, तेच सरोवर अनेक शोधनिबंधांत झुब या रशियन नावाने येते. ओअॅसिसचे नाव १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतील वैमानिकावरून पडले, पुढे सोव्हिएत, पूर्व जर्मन आणि भारतीय संशोधकांनी तिथे नावे दिली. त्यामुळे नावाने शोध घेतला, तर निम्मे साहित्य हाती लागतच नाही. यासाठीच स्कारने अंटार्क्टिकाचा संयुक्त नामकोश तयार केला आहे, ज्यात प्रत्येक देशाचे नाव राहते आणि एकाच स्थळाच्या सगळ्या नावांना एक समान क्रमांक मिळतो. कोणाचेही नाव पुसायचे नाही आणि तरीही यंत्राला ते एकच स्थळ आहे हे कळावे, ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या तक्त्यात नावाच्या रकान्याशेजारी त्या क्रमांकाचा रकाना अवश्य ठेवावा.

सागरकन्या:

मोठ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. व्यवस्था आहे, पण ती एका इमारतीतील एका संगणकावर नाही.

दक्षिणेकडे, म्हणजे अंटार्क्टिकात, तिचा पाया १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने घातला. कराराच्या तिसऱ्या कलमानुसार तिथली वैज्ञानिक निरीक्षणे आणि निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ते सर्वांना मुक्तपणे उपलब्ध असावेत. भारत १९८३ मध्ये या करारात सामील झाला. आपण वापरलेला अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेस १९९३ पासून याच भूमिकेतून चालत आला आहे. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने क्यूजीआयएससाठी केलेला क्वांटार्क्टिका संच तर इंटरनेट नसलेल्या तंबूतही चालतो, आणि नवशिक्यांनी सुरुवात त्यापासूनच करावी असे मी सुचवीन.

उत्तरेकडची, म्हणजे आर्क्टिकची, गोष्ट निराळी आहे, कारण तिथली जमीन कोणा ना कोणा देशाच्या मालकीची आहे. म्हणून तिथे आठ देशांच्या राष्ट्रीय नकाशा संस्थांनी २०१४ मध्ये सामंजस्य करार करून आर्क्टिक एसडीआय (भौगोलिक डेटाची सामायिक पायाभूत व्यवस्था) उभारले. यात प्रत्येक संस्था आपला डेटा स्वतःकडेच ठेवते, स्वतःच दुरुस्त करते आणि ठरलेल्या प्रमाणित सेवांतून तो दाखवते. वाचकाला मात्र एक सलग नकाशा मिळतो. ही रचना मला योग्य वाटते, कारण डेटाच्या प्रती वाटल्या की दुरुस्ती एका प्रतीत होते आणि जुनी चूक दहा प्रतींत जिवंत राहते. तिची कमजोरीही तितकीच खरी आहे. आर्क्टिक किनाऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग रशियाचा आहे आणि मार्च २०२२ मध्ये याच आठ देशांच्या आर्क्टिक परिषदेतील इतर सात देशांनी तिच्या बैठकांतील सहभाग थांबवला. असे सहकार्य अडले, की ज्या सायबेरियन किनाऱ्यावरील गोठलेली जमीन वितळते आहे, तिथल्याच नोंदी मिळणे सर्वांत कठीण होते. आर्क्टिकवर काम करणाऱ्या प्रत्येकाने याची मनापासून खंत बाळगावी, असे मला वाटते.

हिमकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अक्षरेखा यांनी सांगितल्याप्रमाणे सगळे बिंदू एकत्र टाकून पाहिले. सर्व १६२ बिंदू जाळीच्या गाठींवर बसतात; अक्षांश आणि रेखांश दोन्ही तीन स्थळांपर्यंतच आहेत. ते बिंदू आता मी काठ मोजण्यासाठी वापरणार नाही, पाण्याचे नमुने कोणत्या सरोवरातून घेतले एवढे सांगण्यासाठीच वापरीन. रेमाच्या सुट्या पट्ट्या उतरवून घेत आहे. आता एकच विचारते: आमचा डेटा तयार झाल्यावर तो नेमका कुठे सोपवावा?

सागरकन्या:

गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्र आहे. भारतीय मोहिमांच्या डेटाची जागा तीच. सोपवताना आयएसओ १९११५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मेटाडेटा (डेटाविषयीची माहिती) भरावा आणि त्यात उंचीचे संदर्भपृष्ठ, मोजणीची तारीख, उपकरण आणि अंदाजित चूक हे चार रकाने कोणत्याही परिस्थितीत रिकामे सोडू नयेत. आणि एक विनंती: ते १६२ बिंदूही टाकून न देता, तीन स्थळांच्या मर्यादेची स्पष्ट नोंद करून सोबत द्यावेत, कारण त्या सरोवरांतील त्या वर्षीचे पाण्याचे नमुने आता पुन्हा कोणालाही घेता येणार नाहीत.