जुन्या कोरियन मालिकांतले कायदे आता गेले कुठे?

ऋतुजा_के

गेले दोन महिने जुन्या-नव्या कोरियन मालिका ओळीने पाहतेय आणि डोकं चक्रावलंय. नव्वदीतल्या एका मालिकेत नायक-नायिका दोघंही किम, दोघांच्या घराण्याचं मूळ गावही एकच, म्हणून त्यांच्या लग्नाची नोंदच होणार नाही म्हणे. दोघांत नेमकं नातं काय, हे कुणालाच सांगता येत नाही, नुसतं आडनाव आणि गाव! दुसरीत बायको पोलिसांना घेऊन हॉटेलच्या खोलीवर धडकते आणि नवऱ्यावर फौजदारी. अलीकडच्या मालिकांत यातलं काहीच दिसत नाही, नुसते वकील आणि भरपाईचे आकडे.

हे लेखकांच्या मनचं की खरंच असे कायदे होते? आणि असतील तर आधी कोण बदललं, कायदा की माणसं? तिकडे राहणारं कुणी असेल तर सांगा ना. पाठ्यपुस्तकी उत्तर नको.

सुवोनकर

दोन्ही खरं आहे. (आडनाव सुवोनकर नाही हो, सुवोनला चौदा वर्षं काढली म्हणून इथल्या मराठी मंडळींनी चिकटवलंय.)

मला हे सगळं कळलं ते आमच्या घरमालकीणबाईंमुळे. वय चौऱ्याहत्तर, आम्ही त्यांना हालमोनी म्हणजे आजीच म्हणतो. गेल्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ वारला. मूलबाळ नाही, बायको आधीच गेलेली. त्यामुळे वारस म्हणून उरले हालमोनी आणि धाकटा भाऊ. ही भावंडंच आहेत हे दाखवायला वडिलांच्या वेळची जुनी कुटुंबनोंद लागते. ती आणायला वॉर्डातल्या सरकारी कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेले.

तिथल्या मुलीने मशीनमधून कागद काढून दिले. जुनं हस्ताक्षर, उभ्या रांगांत चिनी लिपी, त्याचीच स्कॅन प्रत. सगळ्यात वर 'होजू', म्हणजे कुटुंबप्रमुख, वडील. खाली बाकीची मंडळी. हालमोनींच्या नावावर ही मोठी फुली. मी दचकले, मला वाटलं मेलेल्या माणसाची खूण असते. त्या म्हणाल्या, "अगं, लग्न झालं माझं." मुलगी लग्न करून गेली की वडिलांच्या नोंदीतून तिचं नाव असं काटायचे आणि नवऱ्याच्या नोंदीत चढवायचे.

पण खरी गंमत दुसऱ्या कागदावर होती, सासरच्या. नवरा १९८४ साली गेला. घरात ही, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. होजू कोण झालं? सहा वर्षांचा मुलगा! वारसाहक्काच्या रांगेत मुलगा आधी, मग मुलगी, त्यानंतर बायको. हालमोनी मासळीबाजारात टोपली घेऊन बसायच्या, भाडं भरायच्या, आणि कागदावर पहिलीतल्या पोराच्या आश्रयाला होत्या. शाळेत काही लिहून द्यायचं असलं की कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात त्याच पोराचं नाव. तो वर बघून विचारायचा, "आई, मी सही करू का?"

आता वाटणीचं ऐका. वडील गेले १९८८ साली. त्या वेळच्या हिशोबाने होजू होणाऱ्या थोरल्याला दीडपट, धाकट्याला एकपट आणि लग्न झालेल्या मुलीला चतुर्थांश. म्हणजे सहा, चार, एक. हालमोनींनी तो एकही घेतला नाही, भावाला लिहून दिला, कारण 'माहेर तुटायला नको'. १ जानेवारी १९९१ पासून मुलगे-मुली, लग्न झालेल्या-न झालेल्या, सगळे सारखे. वडील तीन वर्षं जास्त जगले असते तर तिघांना समान मिळालं असतं. आता थोरल्याचा वाटा पुन्हा दोघांत आला, तोही निम्मा-निम्मा. हालमोनी कचेरीतून बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या, "छत्तीस वर्षांनी आलं."

होजू पद्धत संपली १ जानेवारी २००८ ला. संविधान न्यायालयाने ३ फेब्रुवारी २००५ ला ती संविधानाशी विसंगत ठरवली आणि महिन्याभरात संसदेने दुरुस्ती केली. आता प्रत्येकाची नोंद स्वतंत्र, कुणी कुणाच्या खाली नाही. यात मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट कुठली, सांगू? 'आमची हजारो वर्षांची परंपरा' म्हणून जी पद्धत धरून ठेवली होती, तिचा कायदेशीर साचा बराचसा जपानी राजवटीतला. खुद्द जपानने स्वतःची तसली पद्धत १९४७ मध्ये मोडीत काढली. कोरियाने ती नंतर साठ वर्षं सांभाळली.

आता तुमचे दोन किम. याला दोंगसंग-दोंगबोन म्हणतात, एक आडनाव आणि एक मूळ गाव. आपल्याकडच्या सगोत्रासारखं समजा, फक्त हे थेट नागरी कायद्याच्या कलम ८०९ मध्ये लिहिलेलं. गिम्हे गावच्या किमांची संख्या आज चाळीस लाखांच्या वर आहे. एवढ्या माणसांनी आपापसात लग्नच करायचं नाही! शिवाय गिम्हेचे 'हो' आडनाववालेही त्यांना वर्ज्य, कारण मूळ पुरुष राजा सुरो आणि त्याची राणी हो ह्वांगओक यांची लेकरं दोन्हीकडे. (ही राणी समुद्रापलीकडच्या आयुता देशातून आली अशी आख्यायिका, आणि आयुता म्हणजे भारतातलंच असं पुष्कळ जण मानतात. मी भारतीय हे कळलं की इथला प्रत्येक किम मला 'मावशीकडची' म्हणून चिडवतो.)

माणसं प्रेमात पडायची थोडीच थांबतात? जोडपी नोंदीशिवायच संसार करायची, पोरं कागदावर अनौरस. शेवटी सरकारने १९७८, १९८८ आणि १९९६ असं तीनदा तात्पुरती खिडकी उघडली: एवढ्या मुदतीत या आणि नोंद करून घ्या. हजारो जोडपी आली. म्हणजे मनाई पुस्तकात तशीच आणि दर काही वर्षांनी तिला सरकारी माफी. म्हणून माझं मत विचाराल तर आधी माणसं बदलली, मग न्यायाधीश, आणि संसद सगळ्यात शेवटी, तीही ढकलली तेव्हा.

काळाकोट

सुवोनकर, कागदाचं वर्णन फार आवडलं. मी वकिली करतो, कोरियन निकाल हौसेने वाचतो. हॉटेलच्या धाडीबद्दल थोडी भर.

व्यभिचार फौजदारी कायद्याच्या कलम २४१ खाली गुन्हा होता. दोन वर्षांपर्यंत कैद, दंडाची सोयच नाही. तक्रार फक्त नवरा किंवा बायकोने करायची, आणि ती करायला आधी घटस्फोटाचा दावा लावलेला असला पाहिजे. त्यामुळे कैदेपेक्षा तडजोडीलाच त्याचा उपयोग जास्त: अमुक रक्कम दे, तक्रार मागे घेते. ज्या बाईला कमाई नाही, घर नवऱ्याच्या नावावर, तिच्या हातात तेवढंच हत्यार होतं, हेही विसरू नये. घटस्फोटात मालमत्ता वाटून मागण्याचा हक्क तिला १९९१ पासून मिळाला. एक हत्यार हातात आल्यावर दुसऱ्याची धार गेली, असं मी त्याकडे बघतो.

हे कलम संविधान न्यायालयात १९९०, १९९३, २००१ आणि २००८ असं चारदा टिकलं. २००८ ला तर नऊपैकी पाच न्यायाधीश त्याच्या विरोधात होते, पण कायदा पाडायला सहा लागतात. २६ फेब्रुवारी २०१५ ला सात विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि कलम गेलं. दिवाणी भरपाई मात्र आजही मिळते, जोडीदाराकडून आणि 'त्या' तिसऱ्या व्यक्तीकडूनही. तुमच्या नव्या मालिकांतले वकील आणि आकडे ते हेच.

संसदेबद्दल मात्र सुवोनकरांशी मी निम्मा सहमत. तिथल्या न्यायालयाकडे 'विसंगत आहे, पण अमुक तारखेपर्यंत तुम्हीच दुरुस्त करा' असा निकाल द्यायची सोय आहे. आडनावाच्या मनाईवर १६ जुलै १९९७ ला तसाच निकाल आला, मुदत १९९८ अखेरची. कन्फ्यूशियन, म्हणजे घराणं-पितरांची जुनी परंपरा मानणारी मंडळी रस्त्यावर, खासदारांना मतांची धास्ती, कुणी हात लावला नाही. १ जानेवारी १९९९ ला मनाई आपोआप निष्प्रभ झाली. नवा मजकूर आला तो थेट २००५ च्या दुरुस्तीत: आता नात्याच्या आठव्या पायरीपर्यंतचं रक्ताचं नातं वर्ज्य. पण १९९१ ची ती समान वाटणी संसदेनेच आणली होती, न्यायालयाने नव्हे. तिला अगदीच झोपाळू म्हणणं अन्याय होईल.

ऋतुजा_के

बाप रे. आणि मी समजत होते लेखकच अतिरंजित लिहितात. गर्भपाताचंही असंच काही झालं ना? आणि हे सगळं कुणी लावून धरलं? एवढं आपोआप होत नसतं.

सुवोनकर

काळाकोट, १९९१ बद्दल मान्य, मी जरा तावातावात लिहिलं. पण तीही संसदेला एका रात्रीत सुचलेली नव्हती. ई ते-यंग हे नाव लक्षात ठेवा. कोरियातल्या पहिल्या महिला वकील, १९५६ पासून त्यांनी बायकांसाठी कायदेशीर सल्ला केंद्र चालवलं आणि कुटुंब कायदा बदलावा म्हणून चार दशकं सरकारांच्या मागे लागल्या. डिसेंबर १९९८ मध्ये त्या गेल्या. आडनावाची मनाई दुसऱ्याच महिन्यात संपली, होजू जायला आणखी नऊ वर्षं लागली.

गर्भपाताचं उत्तर: हो, आणि तिथे संसद झोपलीच. ११ एप्रिल २०१९ ला न्यायालयाने बंदी विसंगत ठरवली, मुदत २०२० च्या ३१ डिसेंबरची. तारीख उलटली, कायदा झाला नाही. शिक्षा गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. माझ्या ओळखीच्या एकीला त्यानंतर तीन दवाखाने फिरावे लागले, तिन्हीकडे नियम वेगळा आणि पैसे वेगळे.

सगळं बदललंय असंही समजू नका. बाळाला आईचं आडनाव लावायचं असेल तर लग्नाची नोंद करतानाच तसं ठरवून लिहावं लागतं, नाहीतर बापाचंच. लग्नाच्या दिवशी, फॉर्म भरताना, सासूबाई शेजारी उभ्या असताना. किती जणी त्या रकान्यात खूण करत असतील?

बरं, हालमोनींचं राहिलं. मे २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वारसांचं एकमत नसेल तर पितरांच्या विधीचा अधिकार थोरल्या मुलाचा नाही, अपत्यांत जे वयाने मोठं त्याचा, मुलगा असो की मुलगी. हालमोनींची मुलगी मोठी, म्हणून मी ती बातमी त्यांना उत्साहाने वाचून दाखवली. त्या चुसक सणासाठी (सुगीचा सण, पितरांची पूजा असते) जॉन करत होत्या, भोपळ्याच्या आणि माशाच्या चकत्या पिठा-अंड्यात घोळवून तव्यावर, सकाळपासून चौथी परात. म्हणाल्या, "म्हणजे आता हे पोरीच्या गळ्यात?"

मग मी दुसरी बातमी सांगितली. २०२२ च्या सप्टेंबरात सुंगग्युनग्वानने, म्हणजे कन्फ्यूशियन परंपरेच्या मुख्य पीठानेच, जाहीर केलं होतं की चुसकच्या पूजेला तळणाची काही गरज नाही.

हालमोनींनी उलथणं खाली ठेवलं. "कुणी सांगितलं म्हणालीस?"

मी पुन्हा नाव सांगितलं.

"पन्नास वर्षं तळतेय मी," त्या म्हणाल्या, आणि गॅस बंद केला.