हरभऱ्यातील मर रोगासाठी कार्बेन्डाझिमऐवजी ट्रायकोडर्मा पुरेसा ठरेल का?

प्रश्न – रब्बी_लातूर

नमस्कार. आमची जमीन मध्यम काळी, चुनखडीयुक्त असून सोयाबीननंतर हरभरा हाच आमचा नेहमीचा फेर आहे. बियाण्याला आजवर कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक लावत आलो. गेल्या रब्बीत एका तुकड्यात त्यावरच ट्रायकोडर्मा ही जैविक बुरशी आणि मुळांच्या गाठींत हवेतील नत्र स्थिर करणारे रायझोबियम जिवाणूही लावले, परंतु झाडे वाळण्याच्या प्रमाणात काही फरक जाणवला नाही. जैविक निविष्ठांचा खर्च वाया जातो की पद्धतीत काही राहून जाते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. यंदा रासायनिक बुरशीनाशक पूर्णपणे बंद करावे, असा विचार आहे.

उत्तर – मृदगंध

आपण दिलेल्या माहितीतच निम्मे उत्तर आहे. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम तिला मारक ठरते; त्यामुळे दोन्ही एकाच बियाण्यावर लावल्यास जैविक बुरशी उगवण्याआधीच संपते आणि आपण केवळ तिच्या वाहक भुकटीचे पैसे मोजतो. बीजप्रक्रिया ट्रायकोडर्माने करायची असेल, तर प्रतिकिलो बियाण्यास 5 ग्रॅम या प्रमाणात ती आधी लावावी. त्यानंतर, पेरणीच्या थोडे आधी, 10 किलो बियाण्यास प्रत्येकी 250 ग्रॅम रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू गुळाच्या थंड द्रावणातून चोळून बियाणे सावलीत सुकवावे. रायझोबियमचे पाकीट हरभऱ्याचेच घ्यावे, कारण सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करीत नाहीत. दुकानात हा फरक क्वचितच कोणी सांगतो.

बियाणे कंपनीकडून रंगीत, म्हणजे आधीच बुरशीनाशक लावलेले आले असेल, तर ट्रायकोडर्मा बियाण्याऐवजी जमिनीतून द्यावा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती मिसळून ढीग सावलीत ओलसर, झाकून ठेवावा, मधून एकदा हलवावा आणि साधारण दोन आठवड्यांनी शेतात पसरून मातीत मिसळावा. माझ्या मते जिरायत शेतात हाच मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण या बुरशीला वाढण्यासाठी सेंद्रिय पदार्थ आणि ओल दोन्ही लागतात आणि नुसत्या बियाण्याच्या सालीवर ती फार काळ तग धरत नाही.

उत्तर – बांधावरचा_निरीक्षक

मृदगंध यांच्या उत्तराशी सहमत आहे, मात्र औषध ठरवण्याआधी रोगाची ओळख पटवावी, असे सुचवतो. वाळलेले झाड उपटून खोड उभे चिरावे. आत गडद तपकिरी रेषा दिसली, तर तो फ्युजारियम या बुरशीमुळे होणारा मर रोग समजावा. मुळे कोरडी, ठिसूळ होऊन उपमुळे गळालेली असतील आणि झाडे फुलोऱ्यानंतर उन्हाचा ताण वाढल्यावर वाळत असतील, तर ती कोरडी मूळकूज असते; तिथे ओलीची व्यवस्था आणि वेळेवर पेरणी यांचा वाटा मोठा आहे. रोपावस्थेतच बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले, तर तो तिसराच रोग. गावात या तिन्हींना सरसकट ‘मर’ म्हणतात आणि तिन्हींवर एकच पुडी विकली जाते.

फ्युजारियम पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, म्हणून एका हंगामात ट्रायकोडर्माकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. झाड वाळू लागल्यावर आळवणी करून, म्हणजे बुंध्याशी द्रावण ओतून, ते परत येत नाही. हा उपाय प्रतिबंधाचा आहे. खरा आधार मर प्रतिकारक वाणाचा आहे. विजय, दिग्विजय किंवा जाकी 9218 यांसारखा वाण घेऊन त्याला ट्रायकोडर्माची जोड द्यावी, आणि शक्य असल्यास हरभऱ्याच्या जागी एखाद्या रब्बीत ज्वारी किंवा करडई घ्यावी.

रब्बी_लातूर

दोघांचेही आभार. वाण बदलता येईल, फेरपालट मात्र बाजारभावावर अवलंबून राहील. रायझोबियमने काम केले की नाही, हे शेतात कसे ओळखावे? आणि पाकिटावर नेमके काय पाहावे?

उत्तर – मृदगंध

पेरणीनंतर सुमारे 35 ते 40 दिवसांनी, जमीन ओली असताना, झाड कुदळीने मातीसह अलगद काढावे. उपटल्यास गाठी मातीतच राहतात. गाठ कापल्यावर आतून गुलाबी-लालसर असेल, तर नत्र स्थिर होत आहे. पांढरट किंवा हिरवट गाठी असल्यास संख्या कितीही दिसली, तरी उपयोग नाही. नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवल्यासही गाठी कमी धरतात, त्यामुळे युरियाचा हात आखडता ठेवावा.

पाकिटावर पिकाचे नाव, उत्पादनाची तारीख, अंतिम मुदत आणि जिवाणूंची संख्या छापलेली असावी. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीतील रायझोबियमसाठी प्रतिग्रॅम किमान 5 कोटी जिवंत पेशी अपेक्षित आहेत. ट्रायकोडर्मा मात्र कीटकनाशक कायद्याखाली येते, म्हणून तिच्या पाकिटावर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. दुकानदाराने माल पत्र्याच्या छताखाली उन्हाळाभर ठेवला असेल, तर मुदत शिल्लक असूनही त्यातील जीव शिल्लक असतीलच असे नाही. त्यामुळे पेरणीच्या तोंडावर ताज्या तारखेचा माल घ्यावा आणि घरीही तो खते-औषधांच्या पोत्यांशेजारी न ठेवता थंड, सावलीच्या जागी ठेवावा.

बुरशीनाशक सगळ्या रानात एकदम बंद करू नये. यंदा एका पट्ट्यात फक्त ट्रायकोडर्मा, शेजारच्या पट्ट्यात फक्त कार्बेन्डाझिम ठेवून वाण, पेरणीची तारीख आणि पाणी सारखेच ठेवावे आणि दोन्हींतील वाळलेली झाडे मोजून पुढचा निर्णय घ्यावा.