यामाहा १५ एचपी टू-स्ट्रोक फुल रेसवर दम सोडते. सीडीआय बदलू का?

खाडीकर_देवबाग

नमस्कार मंडळी. मामांकडून आलेली १८ फुटी फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे जुनी यामाहा, १५ एचपी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोरीवर चालू होणारी. टाकी वेगळी, २४ लिटरची, होडीत ठेवायची. घरी न्याहारी-निवास आहे, त्या पाहुण्यांना कर्ली खाडीत फिरवायला होडी लागते. देवबागहून समोर कोरजाई, कधी खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे.

त्रास असा: थंडीत, उन्हात, केव्हाही दुसऱ्या ओढीला चालू होते. स्लोवर घड्याळासारखी. अर्ध्या रेसवर दिवसभर चालवा, तक्रार नाही. पण पूर्ण उघडली की चार-पाच मिनिटं मस्त पळते आणि मग हळूहळू बसायला लागते, जणू कोणी मागून होडी धरलीय. तशीच दामटली तर बंद पडते. रेस कमी करून जरा थांबलं की पुन्हा तयार. पुन्हा उघडली की पुन्हा तेच.

पाण्याची धार नीट येते, मशीन हाताला फार गरम लागत नाही. प्लग नवे, बी७एचएस-१०. कार्बोरेटर मालवणातल्या फिटरने दोनदा खोलून साफ केला. पाइपही फुंकून बघितला, मोकळा आहे म्हणाला. आता त्याचं म्हणणं, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक डबी) गरम झाली की मरते, नवी टाका. नव्या सीडीआयची किंमत ऐकून मीच गरम झालो. ओहोटीला संगमाच्या मुखावर पाणी जोरात बाहेर ओढतं, तिथे पाहुणे बसलेले असताना मशीन बसली तर काय, या विचाराने सध्या होडी बांधूनच ठेवलीय. पैसे घालण्याआधी आणखी काय तपासू?

चिवला_बीच

मेल्या, टाकीच्या झाकणावरचो वाऱ्याचो स्क्रू उघडलंस काय? बरेच जण बंद करतत नि मगे विसरतत. तो उघडो असात तर मशीन बसता तेव्हा पायपातलो फुगो (पेट्रोल चढवूक हातान दाबतत तो रबराचो) हातात धरून बघ. काय होता ता हय सांग, मगे बोलू.

अलिबागचा_बोटवाला

पंख्याचा बुश तपासा. आतलं रबर सुटलं की पंखा सरकतो आणि होडी पळत नाही. माझं असंच झालं होतं. आणि खरं सांगू का, या जुन्या टू-स्ट्रोकवर किती खर्च करणार? विकून टाका, फोर-स्ट्रोक घ्या. पेट्रोल बरंच वाचेल.

जुना_फिटर_रत्नागिरी

खाडीकर, वयाने मोठा आहे, अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मिरकरवाडा बंदरात याच मशिनी खोलण्यात आयुष्य गेलं.

आधी अलिबागकरांचं. बुश सुटला तर मशीन ओरडते आणि होडी हलत नाही, म्हणजे रेस वर जाते. तुझी रेस खाली येतेय. तेव्हा पंखा सोडून दे. फोर-स्ट्रोकचं म्हणशील तर तुझी मशीन साधारण ३६ किलोची, तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक पन्नाशीच्या आसपास जाते. रोज संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी नेणाऱ्याला विचार हा फरक काय असतो.

आता सीडीआय. मशीन मरते कशी, ते नीट बघ. ठिणगी गेली की सिलिंडर तिथल्या तिथे बंद. दोनातला एक गेला तर मशीन थडथडायला लागते, आवाज फाटतो, न जळलेलं पेट्रोल मागे पाण्यावर तवंग धरतं. तुझ्याकडे यातलं काही नाही. आणि सीडीआय किंवा कॉइल गरम होऊन दगा देत असेल तर ती गार व्हायला वेळ घेते. रेस खाली घेतली आणि जराशाने पुन्हा ताजीतवानी, असं ती वागत नाही.

तुझं लक्षण पेट्रोल कमी पडल्याचं आहे. कार्बोरेटरच्या वाटीत असतं तेवढ्यावर फुल रेस थोडा वेळ निघते. मागून त्या वेगाने भर पडली नाही की वाटी रिकामी होत जाते आणि मशीन बसते. अर्ध्या रेसला खप कमी, म्हणून तिथे आलबेल.

चिवलावाल्याने विचारलंय तेच कर. सोबत एक माणूस घे, एकाने सुकाणूला आणि एकाने फुग्यापाशी बसायचं. मशीन बसायला लागली की फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीकडे आहे. फुगा नुसता मऊ पडत असेल आणि दाबत राहिलं की मशीन उचल खात असेल तर इंजिनावरचा पेट्रोलपंप थकलाय किंवा कुठल्या तरी सांध्यातून हवा घेतेय. आणि फुगा कडक असूनही बसते, तर पुढे बघायचं, फिल्टर आणि कार्बोरेटर. हवेचा संशय असला तर फुगा आणि मशीन यांच्या मध्ये हातभर पारदर्शक पाइप लाव, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील.

याहून सोपं हवं असेल तर शेजारच्या होडीची टाकी पायपासकट उसनी घे आणि चालवून बघ. पळाली तर दोष तुझ्या टाकीत नाहीतर पायपात, मशिनीला हातसुद्धा लावायला नको. ही तपासणी फुकट आहे, म्हणून कोणी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे ऑइलही कमी पडलं, आणि तेही नेमकं फुल रेसवर. पिस्टन सिलिंडरला घासतो तो अशाच वेळी. त्यामुळे ‘बघू किती वेळ चालते’ म्हणून दामटत बसू नकोस. बसायला लागली, फुगा बघितला, रेस खाली. बास.

खाडीकर_देवबाग

काका, चिवलाभाऊ, दोघांनाही धन्यवाद. आज भरतीला भावाला घेऊन गेलो. वाऱ्याचा स्क्रू पूर्ण उघडा होता. मशीन बसायला लागली आणि भाऊ ओरडला, ‘फुगा आत गेला!’ दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. रेस कमी केली की हळूहळू फुगून पूर्ववत.

मग शेजाऱ्याची टाकी पायपासकट लावली. संगमाच्या अलीकडपर्यंत आणि परत, पूर्ण उघडून. एकदाही बसली नाही.

आमचीच टाकी आणि त्यांचा पाइप, असंही करून बघितलं. पळाली. म्हणजे पाइप. पण पाइप गेल्या दिवाळीतच एका दुकानातून घेतलेला, वरून चकचकीत, कुठे चीर नाही. आणि फिटरने फुंकला तेव्हा हवा जात होती हेही खरं. मी स्वतः फुंकला, आरपार जाते. मग हे कसं?

जुना_फिटर_रत्नागिरी

टाकीकडचा तुकडा ब्लेडने उभा चिर आणि आत काय दिसतं ते लिही. आणि फुंकू नकोस, ओढून बघ. तोंडाने नको, मोठ्या सिरिंजने.

खाडीकर_देवबाग

चिरला. बाहेरचं रबर ठीक आहे, पण आत काळी पातळ साल आहे ती रबरापासून सुटलीय. फुग्यापासून वीतभर अंतरावर तर पूर्ण सुटून आत दुमडली आहे, जिभेसारखी. नखाने ओढली तर ओल्या कागदासारखी हातात आली. दुसऱ्या तुकड्याला सिरिंज लावून दट्ट्या जोरात ओढला तर मध्येच अडकतो, सोडला की परत मागे जातो. हळू ओढला तर येतो.

जुना_फिटर_रत्नागिरी

तेच. फुंकलं की साल भिंतीला चिकटते आणि वाट मोकळी होते. मशीन फुंकत नाही, ओढते. ओढ जोराची झाली की ती जीभ उठून वाट बंद करते. म्हणून अर्ध्या रेसला काही नाही आणि फुल रेसला घात. तुझ्या फिटरला दोष देऊ नकोस, फुंकून बघायची सवय सगळ्यांनाच आहे.

याला पेट्रोलही कारणीभूत असावं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलसाठी न बनवलेलं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, आतली साल सुटते. जुने पाइप, पेट्रोलपंपातले जुने पडदे, जुन्या ओ-रिंगा (सांध्यातल्या रबरी कड्या), सगळ्यांचीच ही कथा. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्या खाडीच्या हवेत अर्धी रिकामी टाकी महिनाभर ठेवली की तळाशी पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळं बसू शकतं. त्यात ऑइल नसतं, आणि मशीन तळातूनच ओढते. तेव्हा मिसळलेलं पेट्रोल साठवायचं नाही. लागेल तेवढंच मिसळायचं.

नवा पाइप घेताना त्याच्या अंगावर इंधनाचा आणि इथेनॉल चालणारा असं छापलेलं आहे का बघ. पाणी सोडायचा किंवा गॅसचा पाइप कोणी गळ्यात मारला तर घेऊ नकोस. आतला व्यास जुन्याइतकाच. फुगाही बदल, त्याच्या आतल्या झडपांवर तीच साल गेलेली असणार. फुग्यावरचा बाण मशिनीकडे, आणि दाबताना बाण वरच्या दिशेला धर, नाहीतर झडपा नीट बसत नाहीत. मशिनीला जोडायच्या कपलिंगमधली ओ-रिंग दोन-पाच रुपयांची असेल, तीही नवी टाक, हवा तिथूनच घुसते. फिल्टरची वाटी उघडून तुकडे बघ. एखादा पुढे जाऊन कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली अडकला तर मशीन पेट्रोल ओकायला लागेल आणि तू पुन्हा इथे लिहायला येशील.

चिवला_बीच

नि टाकीतलो पेट्रोल ओढणारो उभो दांडो भायर काढून त्याच्या खालची जाळी धू. माझ्या जाळीत शेवाळासारखा कायतरी चिकट होता.

खाडीकर_देवबाग

पाइप, फुगा, ओ-रिंग तिन्ही नवे टाकले. फिल्टरच्या वाटीत काळे तुकडे निघाले, चिमूटभर. जाळीही धुतली. आज कोरजाईपर्यंत दोन फेऱ्या पूर्ण रेसवर मारल्या, फुगा कडकच.

काका, दोन प्रश्न. ऑइल किती घालू? मामा लिटरला १० मिलि घालायचे, मोटारसायकलचं टू-टी. आणि एवढे दिवस पेट्रोल कमी पडत चालली, आत काही बिघडलं असेल का?

जुना_फिटर_रत्नागिरी

लिटरला १० म्हणजे शंभरास एक. काही मॉडेलांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतंही. पण पर्यटक घेऊन उन्हात चालणाऱ्या जुन्या मशिनीला मी लिटरला २० घालतो, पन्नासास एक. थोडा धूर जास्त, प्लग जरा लवकर काळे, चालेल. मोटारसायकलचं टू-टी नको. ते हवेवर गार होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बोटीचं ऑइल मिळतं, ते आण. महाग आहे, पण तुझी सीडीआय वाचली ना.

आत काय झालंय ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सांगेल. मशीन गरम करून बंद कर, दोन्ही प्लग काढ, प्लगच्या टोप्या इंजिनाच्या धातूला टेकवून ठेव, रेस पूर्ण उघडी ठेवून प्लगच्या भोकात दाबाचं गेज लाव आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढ. आकडा किती, यापेक्षा दोन्ही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का ते महत्त्वाचं. एक बराच खाली असला तर पिस्टन घासलाय असं समज, हेड उघडावं लागेल. प्लग काढलेच आहेस तर त्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचं डोकंही बघ.

दोन्ही आकडे आणि दोन्ही प्लगच्या टोकांचा फोटो इथे टाक. कुठला वरच्या सिलिंडरचा ते लिहून टाक.