टिटिकाकावरच्या ‘यावरी’ला पुन्हा वाफेचे इंजिन बसवावे का?

चर्चाप्रस्ताव : गलबत

पेरू सरकारने टिटिकाका सरोवरासाठी इंग्लंडमध्ये बांधवून घेतलेली ‘यावरी’ आणि ‘यापुरा’ ही लोखंडी सांगाड्याची जहाजे १८६२ मध्ये सुट्या भागांच्या रूपात आरिका बंदरात उतरली. रेल्वे ताकनापर्यंतच होती. तिथून सरोवराकाठच्या, ३,८०० मीटरांहून उंच असलेल्या पुनोपर्यंत दोन्ही जहाजांचे २,७६६ भाग खेचरांच्या पाठीवरून आणि हमालांच्या खांद्यावरून अँडीज चढून गेले. स्पेनशी झालेले युद्ध, बंडाळ्या आणि १८६८ चा भूकंप यांत वर्षे गेली. अखेर २५ डिसेंबर १८७० रोजी ‘यावरी’ पाण्यात उतरली आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या फेरीला निघाली.

एवढे सोसून जे डोंगरावर नेले, ते आगबोटीचे यंत्र होते. १९१४ मध्ये ते काढून तिथे स्वीडनचे बोलिंडर तेल-इंजिन बसवले गेले. माझे स्पष्ट मत असे आहे की, जहाज जपायचेच असेल तर त्या काळच्या पद्धतीचे वाफेचे इंजिन नव्याने घडवून तिला पुन्हा आगबोट करावे. धुराडे आहे आणि खाली बॉयलर नाही, हे मला पटत नाही.

प्रतिसाद : अनुराधा_प

आपली कळकळ पोहोचली, पण प्रस्ताव मान्य नाही. पुनोच्या पठारावर झाडे जवळपास नाहीत आणि कोळसा समुद्रमार्गे आणून वर चढवावा लागे, त्यामुळे ‘यावरी’च्या भट्टीत लामांचे (उंटाच्या कुळातल्या, ओझी वाहणाऱ्या तिथल्या जनावरांचे) वाळलेले शेण जाळले जाई. आपल्याकडच्या गोवऱ्यांसारखेच हे इंधन हलके, पण जागा फार खाणारे. म्हणजे ज्या पोटात लोकर आणि इतर माल भरायचा, त्याचा मोठा हिस्सा इंधनच अडवून बसे. पुढे सांगाडा मध्ये कापून लांबवला गेला, त्यामागे मालाला जागा करून देण्याची ही निकड होती. ज्यांना या जहाजावर पोट भरायचे होते, त्यांना वाफेचे प्रेम परवडणारे नव्हते. १९१४ चा बदल हा त्याच निकडीचा पुढचा टप्पा होता.

शिवाय बोलिंडर ही काही मामुली वस्तू नाही. हे चार सिलिंडरांचे, ३२० अश्वशक्तीचे यंत्र आहे. सुरू करण्याआधी प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलँपच्या ज्योतीने चांगला तापवावा लागतो. तो तापला की त्याच्या उष्णतेवर तेल पेट घेते आणि पुढे यंत्र आपली धग आपणच टिकवते. अशी जुनी इंजिने जगात फार थोडी चालू स्थितीत आहेत. ते उपसून नवी प्रतिकृती बसवणे म्हणजे अस्सल टाकून नक्कल घेणे होय.

प्रतिसाद : कोकणकडा

मी गलबत यांच्या बाजूने आहे. १९१४ नंतर कुठल्याही बंदरातल्या मालवाहू बोटीवर असेच इंजिन दिसू शकत होते, पण शेणावर चालणारी आगबोट ही त्या पठाराची स्वतःची गोष्ट आहे. पाहुण्यांना तीच दाखवावी.

प्रतिसाद : गलबत

अनुराधाताई, लामांच्या शेणाचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु मग ‘यापुरा’चे काय? ती पेरूच्या नौदलाकडे ‘पुनो’ या नावाने राहिली, रुग्णसेवेचे जहाज झाली आणि आज डिझेलवर चालते. दोन बहिणींपैकी एकीने तरी मूळ रूप राखावे, ही अपेक्षा गैर कशी?

प्रतिसाद : अनुराधा_प

गैर नाही, पण मूळ रूप कुठल्या सालचे, ते आधी ठरवावे लागेल. १८७१ चे हवे असेल तर बॉयलर बसवून भागणार नाही, सांगाड्याला घातलेला वाढीव तुकडाही कापून काढावा लागेल. लोखंडाचे ते पत्रे आणि रिवेट गोड्या पाण्यामुळे शंभर वर्षांनंतरही धड निघाले, म्हणूनच १९८७ मध्ये हे जहाज विकत घेऊन दुरुस्त करणे शक्य झाले. जे धड आहे, त्याला करवत लावायला माझी तयारी नाही. वाफेचे इंजिन अवश्य घडवा, पण ते पुनोच्या धक्क्यावर छप्पर घालून उभे करा आणि तिथे लामांचे शेण जाळून चालवून दाखवा. त्या कामाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. बोलिंडरला मात्र जागचे हलवू नये.