मदत हवी आहे : सायकल गट बंद करताना कागदपत्रांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

सायकलस्वारांसाठी सुरक्षित रस्ते मागणारा आमचा स्वयंसेवी गट बंद करायचं ठरलंय. भांडण नाही, पैशांचा घोळ नाही. काम करणारी माणसंच उरली नाहीत, आणि जी आहेत ती थकलीत.

बँक खातं, नोंदणी वगैरे हिशेबनीस बघतील. शिल्लक रक्कम आमच्या घटनेनुसार सभासदांत वाटता येत नाही, तशाच उद्देशाच्या संस्थेला जाईल.

खरी अडचण दप्तराची. चौकात उभं राहून केलेली सायकलींची मोजणी, धोकादायक वळणांचे नकाशे, मार्गिकांबद्दल पालिकेशी झालेला पत्रव्यवहार. पत्रांची प्रत कुठेतरी मिळेलही, पण जुनी मोजणी पुन्हा कोण करणार? हे ग्रंथालय किंवा विद्यापीठाचा नगररचना विभाग ठेवून घेतो का? तक्त्यांसोबत वेळ, हवामान आणि मोजायची पद्धत लिहून दिली की पुरेल, की आणखी काही लागतं?

शिवाय दुसऱ्या एका गटाला आमच्या सभासदांचे फोन नंबर हवेत. प्रत्येकाला विचारल्याशिवाय देऊ नयेत, सरळ पुसून टाकावेत, असं माझं मत. सहकाऱ्यांना हा अतिरेक वाटतो. तुम्ही काय केलं असतं?

आणि पालिकेकडे अडकलेले अर्ज कुणाच्या नावावर करायचे?