जुन्या पीसीची हार्ड डिस्क कधी दिसते, कधी गायब. पत्रिकांचा सगळा डेटा आत!

नौपाडा_डीटीपी:
मंडळी, ठाण्यात नौपाड्याला माझं लग्नपत्रिका, बिलबुकांचं काम. मशीन जुनंच, कोअर टू ड्युओ, त्यावर विंडोज एक्सपी. मराठी फाँटचं सॉफ्टवेअर जुन्या डोंगलवर (मशीनला लावायच्या किल्लीवर) चालतं म्हणून बदललं नाही. शुक्रवारी लाइट गेली, आली ती झटका देऊन. तेव्हापासून काळ्या स्क्रीनवर 'डिस्क बूट फेल्युअर'. कधी एक्सपीचा लोगो येतो आणि तिथेच अडकतं. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख २००९ ची, आणि ५०० जीबीची सॅटा डिस्क यादीत असली तर असली. टकटक नाही, पण हात ठेवला की फिरता फिरता थांबते आणि पुन्हा सुरू होते हे कळतं. तुळशीचं लग्न झालं की 'ताईच्या पत्रिकेसारखीच करा' म्हणत गिऱ्हाइकं येणार, आणि कोरलच्या (डिझाइन सॉफ्टवेअरच्या) सगळ्या फायली त्यातच. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू. मारू का?

वाशीचा_पिंट्या:
चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) लाव स्लॅश आर देऊन, बॅड सेक्टर (डिस्कवरचे खराब तुकडे) निघून जातील. माझं झालं होतं तसंच.

ऐरोली_रिपेअर:
पिंट्याशेठ, नको. चेकडिस्क डिस्कवर लिहितं. डिस्क खरंच चालली असेल तर उरलंसुरलंही जाईल. फॉरमॅटचं तर नावच काढू नका.

दादा, तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी दिसतात. तारीख मागे गेली म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला. तो बदला, आणि बायोसमध्ये सॅटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आधी आयडीई असेल तर तोच ठेवा. एएचसीआय झाला तर एक्सपी ७बीची (बूट डिस्क सापडत नाही अशी) निळी स्क्रीन देईल. पण सेलमुळे डिस्क फिरायची थांबत नाही. तो संशय पॉवरवर. मोटर १२ व्होल्टवर फिरते. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या पॉवर प्लगवरून) सॅटाचा जोड लावला असेल तर तो काढून सरळ वायर लावा. मग डिस्क चालू असताना मल्टिमीटरने पिवळी (१२ व्होल्टची) आणि काळी वायर यांच्यामध्ये मोजा. ११.४ च्या खाली गेली तर एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) गेला. डिस्क उघडू नका, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका.

नौपाडा_डीटीपी:
पिवळी १०.९! एसएमपीएसच्या जाळीतून पाहिलं तर एका कपॅसिटरचं डोकं फुगलंय. भाच्याच्या मशीनला डिस्क लावली, लगेच दिसली, फोल्डरही दिसतात. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा 'सावधान' आहे. ०५ (बदललेले सेक्टर) समोर शून्य, सी५ (वाचायला अडलेले सेक्टर) समोर शेवटी १८.

ऐरोली_रिपेअर:
ते १८ हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून) असतं, म्हणजे २४ सेक्टर वाचायला अडताहेत. वीज हलली म्हणूनही असेल, पण या डिस्कवर आता काम करू नका. फायली ड्रॅग करत बसू नका, एका अडलेल्या फाइलवर तास जातो. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा प्रोग्राम) चालवा. पहिल्या फेरीत सोपं तेवढं उचलतो, अडलेल्यावर नंतर येतो. मॅपफाइल (कुठवर झालं याची नोंद) द्या, म्हणजे मध्ये लाइट गेली तरी पुढून चालू होईल. नवी डिस्क ५०० जीबी किंवा मोठीच हवी. आणि एंटर मारण्याआधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लेबलशी ताडून पाहा. उलट दिलं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते.

नौपाडा_डीटीपी:
नंबर खडूने कव्हरवर लिहिलेत. एसएमपीएस आधी बदलतो, मग बसतो रात्री.