नऊ एकांचा वर्ग: वहीत एक उत्तर, संगणकावर दुसरंच

चौकटीची_वही (कर्वेनगर)

नमस्कार. बँकेत अठ्ठावीस वर्षं खतावण्या लिहिल्या, आता निवृत्त आहे. सहावीतल्या नातीसाठी अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणली आणि दोघींनी १११११११११ ला त्याच संख्येने गुणलं. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवत नऊ ओळी मांडल्या. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एकच १, दुसरीत दोन, असं चढत मधल्या रांगेत नऊ, मग तसंच उतरत पुन्हा एक. हातचा कुठेच नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१.

मग हेच संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात केलं. आलं १२३४५६७८९८७६५४३००. नात म्हणाली, "आजी, आपलंच चुकलं." मला पटेना. दोन्ही संख्यांच्या शेवटी १ असताना गुणाकार शून्यावर संपेल कसा? नवाचा ताळा घेतला. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, आमच्या उत्तराची ८१. नवाने भागून दोन्हीकडे बाकी शून्य. संगणकाच्या उत्तराची बेरीज ७८, बाकी ६. ताळा तिथे जमत नाही. पण यंत्र असं का करतं, हे तिला नीट सांगायचं आहे.

बिट_बाय_बिट

काकू, तुमचं उत्तर बरोबर आहे. तो तक्ता पहिले पंधरा अंक धरतो, पुढे शून्यं लावतो. तुमची संख्या सतरा अंकी. मुळात अशी संख्या आत ० आणि १ च्या ५३ जागांत ठेवतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२. तो ओलांडला की विषम संख्येला जागा उरत नाही, शेजारची सम संख्या घ्यावी लागते. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत साधं गुणलंत तर शेवटी ३२० दिसेल. पायथॉनमध्ये पूर्णांक गुणा, ३२१ येईल.

देवळालीकर_६१७४

ताळ्याच्या त्या ८१ वर थांबा. ही संख्या ८१ ने निःशेष भागली जाते! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी ती हर्षद संख्या. हे नाव दत्तात्रेय कापरेकरांचं. ते फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीत शाळामास्तर. एकांच्या अशा वर्गांनाही त्यांनी नाव दिलं, डेम्लो संख्या, एका रेल्वे स्थानकावरून. पुण्यातल्या मुलांना हे शाळेतच कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अवयव पाडले तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून वर्गात ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

नातीला आता दहा एक घ्यायला सांगा. मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो आणि डोंगर मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२, संख्या विषम, म्हणजे हर्षदही नाही.

चौकटीची_वही (कर्वेनगर)

दोघांचे आभार. दहा एकांची मांडणी तिने संध्याकाळी केली. मधल्या रांगेवर पेन्सिल थांबली, "आजी, इथे दहा झाले!" हातचा तिने स्वतःच नेला.

सतरा अंक वाचायचे कसे, हेही तिने विचारलं. मी भास्कराचार्यांचा क्रम सांगितला: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज आणि मधोमध नऊ अर्बुद. तिथून आठ कोटी, सात प्रयुत असं खाली. आता जेवताना म्हणत बसली आहे. मध्यच्या वरच्या परार्धाला एकच घर कमी पडलं, याची तिला हुरहुर लागली आहे.